तलावावरचं कोर्ट आणि मिनिटांचा हिशेब: योकोहामातला बी. लीग सामना

योकोहामा बी-कोर्सेअर्स हा जपानच्या बी. लीगमधला, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला संघ. त्याचा घरचा सामना पाहायला जावं का, तिकिटाचे पैसे वसूल होतात का, असं इकडची मराठी मंडळी अधूनमधून विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. २०२४-२५ च्या हंगामात मी इथे जे सामने पाहिले त्यांवरून हे लिहिलं आहे. उत्तर आधीच देऊन टाकते: जरूर जा. आणि ओळखीत कोणी फिलिपिनो असेल तर त्यांना सोबत घ्या, म्हणजे त्याच तिकिटात दुप्पट बघायला मिळेल.

जागेबद्दल आधी सांगते. सामना होतो तो योकोहामा आंतरराष्ट्रीय जलतरण तलावाच्या इमारतीत. नाव वाचून पत्ता चुकला असं समजू नका. उन्हाळ्यात इथे खरोखर पोहण्याच्या शर्यती होतात. थंडीत मुख्य तलावावर फरशी चढवतात आणि तिच्यावर बास्केटबॉलचं कोर्ट तयार होतं. ग्रीन लाइनच्या कितायामाता स्टेशनवरून पाच-सात मिनिटं चालत जायचं. वरच्या पायऱ्या मुळात शर्यती पाहायला बांधलेल्या असल्यामुळे तिथून सगळं कोर्ट एका नजरेत येतं. कोण कुठे पळतोय, कोण कोणाला अडवतोय हे समजून घ्यायचं असेल तर मला वरच्याच जागा आवडतात. खाली कोर्टाजवळ बसलात तर बुटांचा करकर आवाज, खेळाडूंच्या हाका आणि अंगावर येणारा वेग मिळतो, पण पैसेही बरेच जास्त पडतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वरचं तिकीट घ्यावं.

मी साताऱ्यात वाढले. शाळा-कॉलेजात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन खेळ चालवणारी, म्हणून खेळले आणि लग्न होऊन इकडे येईपर्यंत पी. टी. शिकवत होते. त्यामुळे खेळ मला नवा नव्हता. पण परदेशी लीगमध्ये एक आशियाई खेळाडू कसा टिकतो किंवा टिकत नाही, हे मला इथे शेजारणीमुळे दिसलं. ती फिलिपिन्समधल्या बुलाकान प्रांतातली. वृद्धाश्रमात काळजीवाहक म्हणून काम करते, आणि तिची सुट्टी कधी पडेल त्यावर आमचा सामना ठरतो. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या जपानीत बोलतो. २५ ऑगस्ट २०२३ ला तिच्याच प्रांतातल्या फिलिपिन अरीनात बास्केटबॉल विश्वचषकातला फिलिपिन्सचा पहिला सामना झाला, तेव्हा तिचा भाऊ आत होता. त्या दिवशी ३८,११५ प्रेक्षक होते, विश्वचषकाच्या इतिहासातली सर्वांत मोठी गर्दी. गावोगाव, वस्तीवस्तीत छपराखाली एक कोर्ट असतं, वादळ आलं की लोक त्याच कोर्टात आसऱ्याला येतात, हे मला तिनेच सांगितलं. जिथे खेळाची एवढी ओढ आहे, तिथे लहानाचा मोठा झालेला एकही मुलगा आजवर एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगच्या, मुख्य हंगामात खेळलेला नाही. ही गोष्ट ती पहिल्यांदा बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

कारण विचारलं की लोक उंचीवर बोट ठेवतात आणि मोकळे होतात. मीही भारतात हेच ऐकत आले. पण योकोहामाच्या याच कोर्टवर २०२४ च्या सुरुवातीला जे घडलं ते आठवा. काय सोट्टो (Kai Sotto) नावाचा खेळाडू, उंची ७ फूट ३ इंच, मनिलाजवळच्या लास पिन्यासचा, हिरोशिमाच्या संघाकडून उसनवारीवर इथे आला. त्याच संघात युकी कावामुरा होता, उंची १७२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या चारचौघांसारखी. दोघं एकाच जर्सीत खेळले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावामुरा मेंफिस ग्रिझलीजकडून एनबीएच्या कोर्टवर उतरला. सोट्टो साइतामातल्या कोशिगाया संघात गेला होता. उंचीच सगळं ठरवत असती तर हे उलटं झालं असतं.

मग फरक कशात पडला? गुणवत्तेचा भाग आहेच, कावामुरा असामान्य आहे. पण त्याच्या वाट्याला काय आलं तेही पाहायला हवं. विद्यापीठ अर्धवट सोडून २०२२ मध्ये तो पूर्ण व्यावसायिक झाला आणि योकोहामाने चेंडू त्याच्या हातात दिला. चुका केल्या तरी त्याला कोर्टवर ठेवलं. २०२२-२३ च्या हंगामात तो सर्वोत्तम नवोदितही ठरला आणि सर्वोत्तम खेळाडूही. त्या वयात घरच्या लीगमध्ये, तगड्या परदेशी खेळाडूंच्या समोर, रोज मोठी जबाबदारी. खेळाडू घडतो तो अशा मिनिटांत.

आता सोट्टोची वाट पाहा. २०१९ मध्ये शाळकरी वयातच अमेरिकेला गेला, कारण घरी त्याच्या उंचीचं समोर कोणी नव्हतं. २०२० मध्ये एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या (जी लीग) इग्नाइट या खास संघात त्याची निवड झाली. २०२१ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय संघाच्या पात्रता सामन्यांसाठी तो मायदेशी परतला. साथीमुळे ते सामने आधी दुसऱ्या देशात हलवले आणि मग रद्दच झाले. इकडे इग्नाइटचा हंगाम ऑर्लंडोत बंदिस्त आवारात सुरू झाला होता आणि त्याला परत जाता आलं नाही. इग्नाइटकडून एकही सामना न खेळता ते पर्व संपलं. देशाची हाक ऐकली म्हणून संधी गेली, असं माझी शेजारीण म्हणते. मला वाटतं, दोष त्या मुलाला देता येणार नाही. क्लब आणि देश यांच्या तारखा एकमेकींवर चढतात तेव्हा जर्मनीच्या किंवा सर्बियाच्या खेळाडूकडे दुसरी संधी असते, दुसरा क्लब असतो. त्याच्याकडे तेव्हा ती एकच होती.

मग ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला दोन हंगाम, बहुतेक वेळा बेंचवरून. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ५८ नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं. २०२३ मध्ये एनबीएच्या ऑर्लंडो मॅजिकने समर लीगमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या चाचपणीच्या सामन्यांत, घेतलं, पण तिथे खेळायला मिळालं अगदी थोडं. हिरोशिमा, योकोहामा, कोशिगाया. शेवटी कोशिगायात त्याला नियमित खेळ मिळाला, आकडे चांगले येऊ लागले, आणि जानेवारी २०२५ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ती बातमी आली त्या दिवशी शेजारीण कामावरून आली आणि माझ्याकडे नुसती बसून राहिली. मी चहा केला. तो वयाच्या विशीतच आहे आणि परतेल, असं मी तिला सांगितलं आणि तसं मला मनापासून वाटतंही. पण घडण्याच्या वयातली जी वर्षं बेंचवर आणि विमानतळांवर गेली, ती कोण परत देणार?

हे सगळं तिकिटाच्या परीक्षणात का, असं कोणाला वाटेल. कारण इथे बसून ते डोळ्यांना दिसतं. जपानच्या लीगमध्ये २०२० च्या हंगामापासून आशियाई खेळाडूंसाठी खास जागा आहे, आणि तिचा सर्वांत जास्त उपयोग फिलिपिनो खेळाडूंनी केला. सर्वांत आधी थर्डी रावेना सान-एन संघाकडून आला, मागून त्याचा थोरला भाऊ कीफर शिगात, ड्वाइट रामोस तोयामात आणि नंतर होक्काइदोत, रे पार्क्स नागोयात. पण २०२४-२५ च्या हंगामात या जागेला एक अट होती. कोर्टवर एका वेळी दोन परदेशी खेळाडू चालत, आणि त्यांच्या जोडीला एकतर आशियाई खेळाडू किंवा जपानी नागरिकत्व घेतलेला खेळाडू. दोन्हींपैकी एकच. नागरिकत्व घेतलेले बहुतेक जण मूळचे अमेरिकेतले, धिप्पाड, बास्केटखाली खेळणारे. म्हणजे फिलिपिनो खेळाडूची स्पर्धा समोरच्या संघाच्या आधी स्वतःच्या संघातल्या त्या एका माणसाशी असते. वरच्या पायरीवर बसून खेळाडूंच्या अदलाबदलीकडे लक्ष ठेवा. प्रशिक्षकाला रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) हवे झाले की कोण बाहेर येतो आणि वेग हवा झाला की कोण आत जातो, हे दोन क्वार्टरमध्ये कळून येईल. मी वहीच्या मागच्या पानावर मिनिटं लिहिते. जुनी सवय आहे, शाळेच्या संघासाठी करायचे.

उंच फिलिपिनो खेळाडूंचं इथे जास्त अडतं ते यामुळे. परदेशी दोघं बहुधा आतल्या भागातलेच असतात, तिसरी जागाही तशाच कोणाची तरी. कार्ल तामायो हे ठळक उदाहरण. युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्सच्या संघाचा हा फॉरवर्ड २०२३ च्या सुरुवातीला ओकिनावाच्या र्‍युक्यू गोल्डन किंग्जमध्ये आला. त्या मोसमात संघ विजेता ठरला, पण त्याला खेळायला फार थोडं मिळालं. २०२४ मध्ये तो कोरियात चांगवोन एलजी सेकर्सकडे गेला. कोरियात तेव्हा नियम निराळा होता: परदेशी खेळाडू कोर्टवर एका वेळी एकच, आणि आशियाई कोट्यातला खेळाडू स्थानिकांमध्ये धरला जायचा. तामायो तिथे मुख्य खेळाडूंपैकी एक झाला, आणि २०२५ मध्ये चांगवोनने इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळवलं. मुलगा तोच. बदलला तो नियम, आणि त्याबरोबर मिनिटं. कोरियाचा दरवाजा फिलिपिनोंना २०२२ मध्ये उघडला. त्याच पहिल्या हंगामात उल्सानचा आर. जे. आबारियेंतोस सर्वोत्तम नवोदित ठरला. वोंजूचा ईथन अल्वानो २०२३-२४ मध्ये स्थानिक गटाचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

घरची बाजूही सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धं राहील. फिलिपिन्सची पीबीए ही १९७५ ची, आशियातली पहिली व्यावसायिक लीग. तिथे नामांकित खेळाडू घरातल्या माणसासारखा ओळखला जातो. जाहिराती मिळतात, आईवडील जवळ असतात, आणि वरच्या फळीतल्याला महिना ४,२०,००० पेसोपर्यंत वेतन मिळू शकतं. हे सोडून एका वर्षाच्या करारावर अनोळखी गावात यायचं, भाषा येत नाही, बाहेर बर्फ. बावीस वर्षांच्या मुलाच्या घरचे काय सल्ला देतील? आपल्या घरचे काय देतील? शिवाय पीबीएच्या तीनपैकी दोन स्पर्धांत प्रत्येक संघ एक परदेशी खेळाडू आणतो. निर्णायक क्षणी चेंडू त्याच्याकडे जातो आणि स्थानिक मुलं त्याच्या आजूबाजूला खेळतात. माझ्या मते घरचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. लीग रंगतदार होते, प्रेक्षक खूष होतात, पण अखेरच्या दोन मिनिटांत खेळ सांभाळायची सवय दुसऱ्याला लागते. कावामुराला जे वीस-एकवीसव्या वर्षी मिळालं ते तिथल्या गार्डला मिळत नाही.

आणि बाहेर पडायचं ठरवलं तरी सुटका सोपी नसते. कीफर रावेना २०२१ मध्ये शिगाशी करार करून मोकळा झाला, पण पीबीएतला त्याचा करार अजून चालू होता. लीगने आधी नकार दिला, मग चर्चा झाल्या, आणि हंगाम तोंडावर आल्यावर परवानगी मिळाली. पुढे शिगाचा संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. कीफर त्यांच्यासोबत खाली गेला, २०२३-२४ मध्ये ती श्रेणी जिंकून संघाला वर आणलं, आणि मग योकोहामात आला. माझी शेजारीण त्याच्यासाठी येते ती याचमुळे. कठीण वर्षी तो पळून गेला नाही, असं ती म्हणते. कोर्टवर तो उड्या मारून थक्क करणारा खेळाडू नाही. त्याचं पाहण्यासारखं म्हणजे चाल: दोन पावलं टाकून थांबणं, बचाव करणाऱ्याला आपल्या अंगावर येऊ देणं आणि तेवढ्यात मोकळ्या झालेल्याकडे चेंडू सोडणं. आम्ही गेलो त्यातल्या एका सामन्यात समोरच्या संघातही फिलिपिनो खेळाडू होता. सामना संपल्यावर दोघं एकमेकांकडे चालत गेले, तेव्हा पायऱ्यांवर सूर्य आणि तारे असलेले झेंडे एकदम उभे राहिले. जपानमध्ये तीन लाखांहून अधिक फिलिपिनो राहतात. कारखान्यांत, वृद्धाश्रमांत, रुग्णालयांत. त्यांच्यातले काही त्या दिवशी तिथे होते, आणि निकाल काहीही लागला असता तरी ते तसेच उभे राहिले असते.

अमेरिकेत जन्मलेले फिलिपिनो वंशाचे खेळाडू एनबीएत आहेत, हे खरं. रेमंड टाउनसेंड १९७८ मध्ये पहिला. जॉर्डन क्लार्कसन २०२०-२१ मध्ये सर्वोत्तम बदली खेळाडू ठरला, जेलन ग्रीन २०२१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. पण त्यांना अमेरिकेतल्या शाळा, व्यायामशाळा, प्रशिक्षक आणि रोजची तगडी स्पर्धा मिळाली. रक्त तेच, वाट वेगळी. क्लार्कसनने सोळाव्या वर्षाच्या आत फिलिपिन्सचा पासपोर्ट घेतलेला नव्हता, म्हणून राष्ट्रीय संघात त्याला नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूची एकमेव जागा वापरावी लागते. तिथेही पुन्हा एकच जागा.

आपल्या वाचकांसाठी एक दुवा मुद्दाम सांगते. टेक्सस लेजेंड्स या एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या संघात २०१५-१६ च्या हंगामात रे पार्क्स आणि पंजाबचा सतनामसिंग एकत्र होते. इग्नाइटमध्ये सोट्टोबरोबर पंजाबचाच प्रिन्सपालसिंग होता. म्हणजे दोनदा भारताचा आणि फिलिपिन्सचा मुलगा एकाच दारापर्यंत पोहोचले आणि दोन्ही वेळा दार कोणासाठीच पुरतं उघडलं नाही. फरक एवढाच की फिलिपिनो मुलांच्या मागे अख्खा देश सामने पाहत जागा असतो. आपल्याकडे सतनामचं नाव किती शाळकरी मुलांना माहीत आहे? मी शिकवत होते तेव्हा माझ्या संघातल्या मुलींना मी सांगायचे. आता वाटतं, अजून सांगायला हवं होतं.

आता कामाच्या गोष्टी. शनिवार-रविवार बहुतेक वेळा त्याच दोन संघांचे लागोपाठ सामने असतात. दोन्ही पाहायला जमत असेल तर पाहा. हरलेला प्रशिक्षक एका रात्रीत काय बदलतो, हे कळण्यासारखी दुसरी मजा नाही. मोसम ६० सामन्यांचा असतो, त्यामुळे थकलेले पाय दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसतात. एकच जमणार असेल तर दुसऱ्या दिवसाचा घ्या. तिकीट दोन-तीन हजार येनपासून मिळतं, पण समोरचा संघ नावाजलेला असेल तर भाव आणि गर्दी दोन्ही वाढतात, म्हणून महिनाभर आधी पाहून ठेवा. तिकीट संघाच्या किंवा लीगच्या अधिकृत मार्गानेच घ्या. एका भलत्याच पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावरून आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने जास्त पैसे मोजले आणि जागा एकमेकांपासून लांब मिळाल्या.

निवेदन बहुतेक जपानीत असतं, पण नावं पुकारताना आणि घोषणा देताना भाषा आडवी येत नाही, दहा मिनिटांत तुम्हीही ओरडू लागता. आवाज मोठा असतो, तेव्हा तान्ह्या बाळांना नेत असाल तर कानांवर लावायचं काहीतरी घ्या. शाकाहारी असाल तर घरून जेवून निघा. स्टॉलवर तळलेलं चिकन आणि भाताचे डबे भरपूर असतात, आपल्याला बटाट्याच्या पलीकडे फारसं काही सापडत नाही. शाळकरी मुलांना मात्र नक्की न्या, विशेषतः खेळणाऱ्या मुलींना. सामन्याआधी खेळाडू सराव करतात तेव्हाच पोहोचा, कारण पाऊल कसं टाकायचं, हात कुठे ठेवायचा, हे त्या अर्ध्या तासात जेवढं शिकता येतं तेवढं सामन्याच्या गडबडीत येत नाही.

पाचपैकी किती, असं विचारलंत तर सामन्याला पूर्ण पाच. नियमाला मी तीन देईन. आशियाई खेळाडूंना बोलवायचं, त्यांच्या देशातले लाखो डोळे आपल्या लीगकडे वळवायचे, आणि मग त्यांना नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूबरोबर एकाच जागेत कोंबायचं, हे मला पटत नाही. कोरियाने दाखवलेली वाट समोर आहे.

जाण्याआधी दोन्ही संघांच्या खेळाडूंची यादी लीगच्या संकेतस्थळावर जरूर पाहा. आशियाई जागेवर कोण आहे आणि मागच्या पाच सामन्यांत त्याला किती मिनिटं मिळाली, एवढं लिहून घेऊन गेलात तरी सामना वेगळाच दिसेल. संघ दरवर्षी बदलतात, करार छोटे असतात, त्यामुळे या वर्षी पाहिलेला खेळाडू पुढच्या वर्षी तिथे असेलच असं नाही. कोणाला माझ्यासोबत यायचं असेल तर कळवा. शेजारणीच्या पुढच्या महिन्यातल्या सुट्ट्या ठरल्या की मी तिकिटं काढणार आहे.